पहिल्या शिंकेच्या आधी

पत्र

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेली तीन वर्षं झाडांना नवी पालवी फुटू लागली की त्याच्या शिंका सुरू होतात. सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा, एकापाठोपाठ. नाकातून पाणी, डोळे लाल, रात्री नाक चोंदतं आणि तोंड उघडं टाकून झोपतो. ताप नसतो. दोन महिने हे चालतं आणि आपोआप थांबतं. दर वर्षी त्यात दोन-तीन वेळा अँटिबायोटिक होतं. सासूबाई म्हणतात, याची प्रतिकारशक्तीच कमी आहे. ह्यांचं म्हणणं, मोठा झाला की जाईल, मलाही लहानपणी असंच व्हायचं. अंगणातलं झाड तोडून टाकावं, असंही त्यांच्या मनात आहे. तान्हा असताना त्याला इसब होता. या वेळी डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलाय, पण त्यात स्टिरॉइड आहे असं कळल्यावर मी तो उघडलाच नाही. मागच्या वर्षी ते दोन महिने मी त्याला खेळायलाच पाठवलं नाही. खिडकीत बसून असायचा. आता शाळेतून निरोप आलाय, रिलेच्या संघात त्याची निवड झाली आहे. शर्यत नेमकी त्याच दिवसांत आहे, अजून दीड महिना आहे. मी त्याला हे सांगितलेलंच नाही. काय करू?

— एक आई

उत्तर

ताई,

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्याला पळू द्या. हातात दीड महिना आहे आणि तो पुरेसा आहे. अंगणातलं झाड राहू द्या. आणि तो न उघडलेला स्प्रे फेकू नका, त्याच्यावर मी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली मला तिथेच दिसते.

सासूबाईंची काळजी मी समजू शकते. सतत नाक गळणारं मूल अशक्तच वाटतं. पण ऋतूबरोबर येणाऱ्या अ‍ॅलर्जीत प्रतिकारशक्ती कमी नसते. ती भलत्याच गोष्टीवर तुटून पडत असते. झाडांचे आणि गवताचे परागकण कोणालाही इजा करत नाहीत. काही मुलांचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ही प्रतिपिंडं नाकाच्या आणि डोळ्यांच्या अस्तरातल्या पेशींवर चिकटून वाट बघत बसतात. पुढच्या वर्षी तेच परागकण आले की त्या पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि काही मिनिटांत शिंका, खाज, पाणी सुरू होतं. आधी ओळख पटायला एक-दोन ऋतू जावे लागतात. म्हणूनच हा त्रास तान्हेपणी न दिसता तुमच्या मुलासारखा पाचव्या वर्षाच्या आसपास उगवतो. तान्हेपणचा इसब आणि वडिलांच्या लहानपणच्या शिंका, या दोन्ही गोष्टी त्याच्याशी जुळतात, कारण ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. यात तुमच्या हातून काही कमी पडलेलं नाही. खाण्यात नाही, सांभाळण्यात नाही.

ही सर्दी नाही, हे तुमच्याच पत्रातून कळतं. विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत आवरते, दोन महिने टिकत नाही. तिच्यात अंग मोडून येतं, कधी ताप येतो. आणि मुख्य म्हणजे तिच्यात एवढी खाज नसते. अ‍ॅलर्जीची खरी खूण खाज. डोळ्यांना, नाकाला, टाळूला, कधी कानाच्या आतसुद्धा. तुमचा मुलगा तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलतो का, ते बघा. वारंवार असं करणाऱ्या मुलांच्या नाकावर, शेंड्याच्या जरा वर, एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली निळसर सावली असते, लोक तिला जागरण किंवा अशक्तपणा समजतात. ती नाकातल्या सुजेमुळे तिथल्या शिरांत साचलेल्या रक्ताची असते.

मग अँटिबायोटिकचं काय? परागकणांवर ती चालत नाहीत, विषाणूवरही नाहीत. दर वर्षी दोन-तीन कोर्स म्हणजे मुलाच्या पोटाला उगाच त्रास आणि खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध लागू न पडण्याचा धोका. तापाबरोबर घट्ट पिवळा शेंबूड आणि चेहऱ्यावर दुखणं, किंवा बरं वाटू लागल्यावर अचानक पुन्हा बिघडणं, असं झालं तर सायनसचा जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा जरूर डॉक्टरांकडे जा. एरवी डॉक्टरांना सरळ विचारा, "हे अ‍ॅलर्जीचं असेल तर अँटिबायोटिक कशासाठी?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

इथे मला माझ्या घरातलं सांगायचंय. मी स्वतः मुलांची डॉक्टर, आणि माझ्या थोरल्याचा हाच त्रास मी दोन वर्षं "थोडंसं नाक वाहतंय" म्हणून सोडून दिला. रात्री तो घोरायचा, कूस बदलत राहायचा, सकाळी उठवताना रडायचा. शाळेतून तक्रार आली की वर्गात लक्ष नसतं, जांभया देतो. मी त्याला रागावले. वर जुन्या पद्धतीचं, झापड आणणारं सर्दीचं सिरप रात्री देत राहिले, म्हणजे उरलेली तरतरीही मीच घालवत होते. नाक मोकळं झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो आपला आपण उठला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मूल दोन वर्षं धड झोपलेलंच नव्हतं. ती रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून कोणी "नुसत्या शिंकाच तर आहेत" म्हणालं की मला गप्प बसवत नाही. ब्रिटनमध्ये अठराशेंहून अधिक शाळकरी मुलांच्या परीक्षांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. परागकणांच्या ऋतूत परीक्षा देताना ज्यांना त्रास होत होता, त्यांची श्रेणी हिवाळ्यातल्या सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता जास्त निघाली. जी मुलं गुंगी आणणारी औषधं घेत होती, त्यांची आणखी जास्त.

आता झाड. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स ब्लॅकली नावाचे एक इंग्लिश डॉक्टर होते, त्यांना स्वतःलाच हा त्रास होता. परागकण स्वतःच्या नाकात आणि त्वचेवर घासून त्यांनी कारण पक्कं केलं आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच प्रयोगांत त्यांनी चिकट काचपट्ट्या पतंगांना बांधून उंच सोडल्या. परागकण तिथे वरही सापडले. वाऱ्याने पराग पसरवणाऱ्या झाडांचे आणि गवतांचे परागकण इतके हलके असतात की ते मैलोन्‌मैल जातात. त्यामुळे अंगणातलं एक झाड गेल्याने तुमच्या मुलाच्या नाकाला काही कळणार नाही, फक्त सावली जाईल. आणि मोठ्या, रंगीत, सुवासिक फुलांवर संशय घेऊ नका. त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात, किडे ते वाहून नेतात. त्रास देतात ती बहुधा आपल्याला दिसतही नाहीत अशी फुलं.

हेच खेळ बंद करण्यालाही लागू आहे. परागकण घरात येतातच. बंद घरात वर आणखी धूळ आणि कोंदटपणा. दोन महिने कोंडून तुम्ही त्याच्या नाकावर येणारा भार थोडा कमी केलात, पण त्या बदल्यात त्याचं धावणं, मित्र, भूक, झोप सगळं घेतलंत. मायेपोटी केलंत, हे मला माहीत आहे. पण हा सौदा महागात पडतो. परागकण शून्यावर आणायचे हे आपलं काम नाही. मूल नीट झोपलं पाहिजे आणि मनसोक्त खेळलं पाहिजे, तेवढ्यासाठी लागेल ते करायचं.

त्यासाठी सगळ्यात चांगलं औषध म्हणजे तोच स्प्रे. स्टिरॉइड हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर चेहरा सुजलेली मुलं आली असतील. तो परिणाम पोटातून दिलेल्या मोठ्या मात्रेचा, दीर्घकाळाचा. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारख्या स्प्रेचा एक फवारा म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं औषध, ते नाकाच्या अस्तरावरच काम करतं आणि रक्तात पोचणारा भाग फारच थोडा. चोंदलेलं नाक उघडायला गोळीपेक्षा हा स्प्रे सरस ठरतो. याची सवय लागत नाही. सवय लागते ती नाक झटकन मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिनसारख्या थेंबांची. ते काही दिवसांपेक्षा जास्त चालू राहिले की नाक उलट अधिकच चोंदतं. लोक नेमके त्या थेंबांना घाबरत नाहीत आणि स्प्रेला घाबरतात. उंचीवर परिणाम होतो का, हेही तुमच्या मनात असेल. काही अभ्यासांत वाढीचा वेग किंचित मंदावलेला दिसला आहे. म्हणून लागेल तेवढीच कमीत कमी मात्रा द्यायची, ऋतू संपला की थांबवायचं, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा उंची मोजून घ्यायची.

मात्र हा स्प्रे शिंक आल्यावर मारायचा नसतो. त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. चार दिवस मारला, फरक नाही, ठेवून दिला, असं बऱ्याच घरांत होतं. तुम्ही तीन वर्षं त्याच्या शिंका बघताय, तेव्हा साधारण कोणत्या आठवड्यात सुरुवात होते ते तुम्हाला ठाऊक असणारच. जुने फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेतल्या गैरहजेऱ्या काढून बघा, तारीख सापडेल. त्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून रोज एकदा, न चुकता. डॉक्टरांना फोन करून ही तारीख सांगा आणि मात्रा पक्की करून घ्या.

मारायची पद्धतही महत्त्वाची, आणि ती बहुतेकांना कोणी दाखवलेलीच नसते. बाटली हलवा. नवी असेल तर आधी हवेत काही फवारे सोडा, बारीक धुकं दिसेपर्यंत. मुलाला नाक शिंकरायला सांगा. मान मागे टाकायची नाही, जरा पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर तिथे खरचटून रक्त येतं, आणि मग आया घाबरून औषध बंद करतात. फवारा मारताना त्याने हलकेच श्वास आत घ्यायचा, जोरात ओढायचा नाही. औषधाची चव घशात लागली तर समजा की ते नाकात थांबलंच नाही. आठ वर्षांचं मूल हे आठवडाभरात शिकतं. दात घासण्याशेजारी त्याची जागा करून द्या.

गोळी किंवा सिरपपैकी सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही दुसऱ्या पिढीची औषधं शिंका आणि खाजेवर छान चालतात. झापड कमी आणतात, पण सेटिरिझिनने काही मुलांना येते, तेव्हा ते रात्री द्या. वाईट दिवसांत स्प्रेच्या जोडीला ती उपयोगी पडतात. मात्रा वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे, डॉक्टरांकडूनच. एका औषधाबद्दल मात्र सावध करते. माँटेल्युकास्ट हे या गोळ्यांबरोबर एकत्र करून सर्रास दिलं जातं. काही मुलांत त्याने भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित स्वतःला इजा करण्याचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि सांगितलं की शिंकांच्या अ‍ॅलर्जीसाठी, दुसऱ्या औषधांनी भागत नसेल तरच हे वापरावं. तुमच्या मुलाच्या चिठ्ठीत ते असेल तर डॉक्टरांशी बोला, आणि ते चालू असताना त्याच्या वागण्यात काही बदल दिसला तर वाट बघू नका.

घरात करायचं ते साधंच आहे. खेळून आला की दारातच कपडे बदलायचे, हातपाय आणि चेहरा धुवायचा, रात्री झोपण्याआधी केस. केसांत अडकलेले परागकण उशीवर पडतात आणि रात्रभर तो तेच हुंगत राहतो, सकाळच्या दहा-पंधरा शिंकांत त्यांचा वाटा मोठा असतो. उशीचे अभ्रे आणि चादरी त्या दिवसांत उघड्यावर वाळत घालू नका. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी त्याच्या खोलीची खिडकी बंद ठेवा. बाहेर जाताना टोपी आणि गॉगल. स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर औषध अस्तराला नीट लागतं. तयार सलाइन घ्या, किंवा पाणी उकळून गार केलेलंच वापरा. थेट नळाचं पाणी नाकात घालू नका, त्यातून मेंदूपर्यंत जाणारा अमीबा शिरल्याच्या घटना घडल्या आहेत, दुर्मीळ असल्या तरी जीवघेण्या. वाफारा मुलांना देऊच नका. नाक काही मिनिटं मोकळं होतं आणि उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

"मोठा झाला की जाईल" याचं उत्तर द्यायचं राहिलं. काहींचा त्रास वयाबरोबर सौम्य होतो. पण बऱ्याच जणांचा मोठेपणीही राहतो, आणि मला खरी काळजी दुसरीच आहे. नाक आणि फुप्फुसं ही एकच वाट आहे. नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना दमा होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये वादळाच्या एका संध्याकाळी परागकणांचे बारीक तुकडे हवेत पसरले आणि हजारो लोकांना अचानक धाप लागली, दहा जण दगावले. धाप लागलेल्यांत असे कितीतरी होते ज्यांना तोवर फक्त ऋतूतल्या शिंका ठाऊक होत्या, दम्याचं निदान कधी झालेलंच नव्हतं. तेव्हा एवढं बघा. पहाटे कोरडा खोकला येतो का? पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकतो का? छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? यातलं एकही "हो" असेल तर शर्यतीच्या आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. दमा निघाला तरी तो पळू शकतो, फक्त योग्य इन्हेलर हाताशी लागेल. आणि श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तडक दवाखाना.

तपासण्यांची लगेच घाई नको. स्प्रे आणि गोळीने भागलं तर सुईने कशाला टोचायचं? भागलं नाही, तर त्वचेवर थेंब टाकून तिथे हलकेच टोचून करायची चाचणी वीसेक मिनिटांत सांगते की कोणता परागकण छळतोय. तिच्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, ते विचारून घ्या. नेमकं कारण कळलं की मग तीन ते पाच वर्षं चालणारी इम्युनोथेरपी करता येते, त्याच गोष्टीची अगदी थोडी मात्रा वाढवत नेऊन शरीराला सवय लावायची. ही पद्धत १९११ पासून आहे आणि निवडक मुलांना तिचा फार चांगला गुण येतो. रक्ताच्या एका नमुन्यावर शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासणीला मात्र हात लावू नका. अशी यादी घेऊन आलेली, निम्मं खाणं विनाकारण बंद झालेली मुलं मी फार पाहते.

शाळेत वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या. त्याचं वाहणारं नाक कोणाला लागत नाही, डोळे धुवायला जाऊ द्यावं, आणि त्या दिवसांत जांभया दिल्या तर रागावू नये, एवढं तिच्यात पुरे. शर्यतीच्या दिवशी नवं औषध काही सुरू करायचं नाही. रोजचा स्प्रे, आणि गोळी चालू असेल तर तिच्या नेहमीच्या वेळी, बस. पिशवीत रुमाल, पाण्याची बाटली, बदलायचा शर्ट. पळून झालं की चेहरा धुवायचा. एखादी शिंक येईलही, येऊ दे.

सराव मात्र उद्यापासून सुरू व्हायला हवा, रिलेत काठी हातात देण्या-घेण्याला वेळ लागतो. तेव्हा निवडीची बातमी त्याला आजच सांगा, शाळेतून घरी आल्या आल्या.